सावडीची गोधडी

गोधडीला टाके किती लागतात, हे एकदा मोजून पाहावं. एका माणसाच्या पांघरुणाची गोधडी साधारण दोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे दोनेक सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एकूण शिवण भरते सुमारे 118 मीटर. मग ओळी उभ्या घाला, नाहीतर कडेकडेने फिरत मध्यावर आणा, हिशेब तोच. सेंटिमीटरला एक टाका धरला तर पावणेबारा हजार टाके झाले.

एकटी बाई हे करू शकते, पुष्कळजणींनी केलंही आहे. घरातलं सगळं आवरून दुपारी उरलेल्या तासाभरात ती किती ओळी घालणार? कापड जाग्यावर राहत नाही, वरचा थर पुढे सरकतो, खालच्याला चुण्या पडतात आणि अर्धी गोधडी माळ्यावर जाऊन पडते. चौघी चार कडांना बसल्या की एकीच्या वाट्याला तीसेक मीटर येतात, शिवाय चौघींच्या वजनाने कापड आपोआप ताणलेलं राहतं. म्हणून मला गोधडी हे सावडीचं काम वाटतं. भाताच्या लावणीला जी सावड चालते तीच इथे: आज सगळ्याजणी तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पैसे द्यायचे नाहीत, श्रम श्रमाने फेडायचे.

शिवथरचं खोरं आणि गोधडी

महाड तालुक्यात वरंध घाटाच्या पायथ्याशी कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावं आहेत. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला तो याच खोऱ्यातल्या घळीत, असं परंपरा मानते. भात, नाचणी, वरी ही इथली पिकं. पावसाळ्यात डोंगर दिवसचे दिवस ढगात असतो आणि अंथरूण-पांघरूण सादळतं. अशा हवेत जाडजूड कापसाची गादी लवकर सुकत नाही. सुती थरांची पातळ गोधडी मात्र दोन तासांची उघडीप मिळाली तरी दोरीवर वाळते.

महाड-पोलादपूरकडचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत, गोदीत कामाला गेले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, तोवर हा रस्ता वाहता होता. गावाहून निघणाऱ्या माणसाच्या वळकटीत आईच्या किंवा बायकोच्या हातची गोधडी असायची. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्याला ती अंथरूण आणि पांघरूण, दोन्ही असे.

शिवायचा काळ ठरलेला आहे. शिमगा झाला की मिरगापर्यंतच्या दुपारी मोकळ्या असतात, ऊन कडक असतं, धुतलेलं कापड तासाभरात वाळतं. पावसात शिवायला बसलात तर दमट कापडात सुई अडते आणि शिवलेल्या गोधडीला कुबट वास धरतो.

कापड निवडताना

जुनं सुती लुगडं सर्वांत उत्तम. शंभर वेळा धुतल्यामुळे ते आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंगही जायचा तेवढा गेलेला असतो. नऊवारीचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा सव्वादोन वारांचा, म्हणजे दोन मीटरला थोडा जास्त. लुगड्याची रुंदी सव्वा वाराच्या आसपास. याचा अर्थ एका नऊवारीत एका माणसाच्या गोधडीचे चार थर निघतात. आजीच्या एका लुगड्यात एक गोधडी, हे माप असं जुळून आलेलं आहे.

कापड उजेडासमोर धरा. विरलेला भाग लगेच दिसतो. दोन अंगठ्यांनी ताणून पाहा. टरकलं तर तो तुकडा आतल्या थरात घाला, टिकलं तर वर. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी सुतीबरोबर मिसळू नका. ती घाम टिपत नाही, सुईखाली घसरते, आणि धुतल्यावर सुती कापड आटतं, ती आटत नाही, म्हणून गोधडीला फुगे येतात. नवं कापड घ्यायचं असेल तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापा. गडद लाल, निळ्या कापडावर ओला पांढरा फडका दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा.

चौकोन घरी, जोडणी एकत्र

जुनी रीत अशी: पडवीत घोंगडी अंथरायची, तिच्यावर थर मांडायचे आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. आज मैत्रिणी एका गावात असतीलच असं नाही. एक महाडला, एक बिरवाडीला, दोघी मुंबईला. त्यांच्यासाठी दुसरी रीत सोयीची आहे. प्रत्येकीने आपल्या घरी चौकोन शिवायचे आणि सुट्टीत एकत्र येऊन ते जोडायचे.

सातजणी धरा. प्रत्येकीने पाच चौकोन करायचे, म्हणजे पस्तीस. रुंदीला पाच आणि लांबीला सात मांडले, एकेक चौकोन तीस सेंटिमीटरचा ठेवला, तर दीड मीटर बाय दोन मीटर दहा सेंटिमीटरची ऐसपैस गोधडी होते.

प्रत्येक चौकोनात नऊ छोटी घरं करा, तीन ओळी, तीन रांगा. छोटा तुकडा बारा सेंटिमीटरचा कापायचा, चारही बाजूंनी एकेक सेंटिमीटर शिवणीत जातो, दहा उरतात. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे बारा सेंटिमीटरचे सात नमुने एकीनेच कापावेत आणि सगळ्यांना द्यावेत. प्रत्येकीने आपापल्या पट्टीने मापलं तर थोडाथोडा फरक पडतो. एकीचा प्रत्येक चौकोन तीन मिलिमीटरने लहान झाला आणि तिचे पाचही चौकोन एका रांगेत आले, तर रांग दीड सेंटिमीटरने आखूड पडते. मग ओढाताण करून शिवावं लागतं आणि गोधडी वाकडी होते.

तुकडा कापताना कापडाचा उभा-आडवा धागा पुठ्ठ्याच्या कडेशी जुळवा. तिरकं कापलेलं कापड हातात धरताच ताणतं. आधी तीन-तीन तुकड्यांच्या पट्ट्या करा, मग तीन पट्ट्या एकमेकींना जोडा. पहिल्या पट्टीच्या शिवणी उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे अशी इस्त्री मारली की जोडावर जाडी साचत नाही आणि कोपरे नेमके बसतात.

चौकोन खरोखर चौकोनी झाला का, हे पाहायला दोन्ही कर्ण मोजा. शिवणीची जागा सोडून तीस सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण बेचाळीस सेंटिमीटरला जरा जास्त भरतो. एक कर्ण लांब, दुसरा आखूड निघाला तर तो चौकोन उसवून पुन्हा शिवा. हे काम घरीच उरकावं. सगळ्याजणी जमल्यावर उसवत बसलं की दुपार वाया जाते.

रंगांचं एकच ठरवा: मधलं घर सगळ्यांनी एकाच कापडाचं घ्यायचं. बाकी आठ घरं जिची तिने निवडावीत. पस्तीस चौकोन मांडल्यावर तो एक रंग सबंध गोधडीभर फिरतो आणि सात घरांचे कपडे एकमेकांत मिसळतात.

थर मांडणं

अस्तराला सहावारी सुती साडी घ्या. मधून कापून तिचे दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की पावणेतीन मीटर बाय सव्वादोन मीटरहून थोडं रुंद कापड मिळतं. तेवढं पुरून उरतं. मधला थरही दुसऱ्या जुन्या साडीचा असाच. वर जोडलेले चौकोन.

सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर अस्तर उलटं पसरा, कडा ताणून चार जड वस्तू ठेवा. त्यावर मधला थर, त्यावर चौकोन सुलटे. आता लांब लांब कच्चे टाके घाला, पण मध्यापासून कडेकडे. पक्की शिवण पुढे कडेकडून आत येते आणि कापडाची सैल तिच्यापुढे सरकत जाते. थर आधीच मध्यापासून घट्ट बसवले नसतील तर ती सगळी सैल शेवटी मधोमध साचते आणि तिथे घडी पडते. कच्च्या टाक्यांना दिलेला अर्धा तास पुढचे चार तास वाचवतो.

धावदोरा

आता सगळ्यांनी भोवती बसायचं. दोरा सुतीच हवा. नायलॉनचा दोरा जुन्या मऊ कापडाला कापतो. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. मेणावरून एकदा ओढला की गुळगुळीत सरकतो. गाठ थरांच्या मध्ये लपवा.

हात कसा चालतो ते नीट बघण्यासारखं असतं. डाव्या हाताच्या चिमटीत थर किंचित उचललेले, उजव्या हातात सुई जवळजवळ आडवी. सुई बाहेर न काढता तिच्यावर तीन-चार टाके भरायचे आणि मग एकदम दोरा ओढायचा. ओढल्यावर ओळीवरून एकदा अंगठा फिरवायचा, म्हणजे चुणी राहिली असेल तर तिथेच मोकळी होते. नव्या मुलीचा टाका वरून सुरेख दिसतो, पण सुई खालच्या थरापर्यंत पोचलेलीच नसते. म्हणून जाणती बाई दर थोड्या वेळाने कोपरा उलटून बघते आणि विचारते, "अगं, पाठ बघितलीस का?" गोधडीची परीक्षा पाठीवर होते.

ओळी फार दाट नकोत. ऊब थरांमधल्या हवेमुळे येते. दाट टाक्यांनी हवा दबते. फार विरळ घातल्या तर धुताना आतला थर सरकून गोळा होतो. बोटभर अंतर हा दोन्हींमधला मार्ग आहे. ही मोठी गोधडी असल्याने शिवण दीडशे मीटरच्या पुढे जाते; सातजणींत वाटली की एकीला बावीस-तेवीस मीटर येतात. शेवटी अस्तराची जास्तीची कड कापून साडीच्या काठाचा गोट लावा. काठाचं कापड घट्ट विणीचं असतं आणि गोधडी आधी कडेलाच विरते.

सावडीचा हिशेब

सातजणींनी सावड धरली तर सात गोधड्या व्हायला हव्यात. प्रत्येक गोधडीला एकीचे पाच, म्हणजे शेवटी जिचे तिचे पस्तीस चौकोन शिवून होतात आणि तिला एक गोधडी मिळते. एकीने पस्तीस चौकोन एकटीने शिवले असते तरी एकच गोधडी झाली असती, मग फायदा काय? फायदा असा की तिच्या गोधडीत सात घरांची लुगडी येतात, थर मांडायला चौदा हात असतात, आणि तिची चूक शिवण पक्की होण्याआधी दुसरीला दिसते. जिची गोधडी तिच्याकडे जेवण, एवढाच खर्च.

जगात इतरत्रही बायकांनी हेच केलं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कडेपासून आत फिरत गोधडी शिवतात आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी 1966 मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या त्या भागात गोधड्या विकून येणारा पैसा बायकांच्या स्वतःच्या हातात पडू लागला. त्यांच्या भाषेतली 'बी' म्हणजे आपली सावडच.

आपल्याकडे मात्र आजीची लुगडी बोहारणीला जातात आणि बाजारातून ब्लँकेट येतं. माझी विनंती आहे: या वर्षी एक लुगडं बाजूला ठेवा, शिमग्यानंतर चारजणींना बोलवा आणि मिरगाच्या आत एक तरी गोधडी पुरी करा. पुरी झाल्यावर ती उलटी करा आणि पाठीच्या कोपऱ्यात, साध्या धावदोऱ्याने, शिवणाऱ्या सगळ्यांची नावं आणि वर्ष घाला.