अंगठा शिवणीवर

पहाटे ४.३०
फौज सोडून ११ वर्षं झाली, तरी गजर लावावा लागत नाही. बूट रात्रीच पॉलिश केलेले असतात. बायको म्हणते, "आता कोण बघणारे तुमचे बूट?" पोरं बघतात. सगळ्यात आधी बूटच बघतात.

५.१५
निगडी, दुर्गा टेकडीचा पायथा. २२ जण, त्यात ४ मुली. त्यातल्या एकीला खडकवासल्याला, एनडीएत जायचंय. ३० मे २०२५ ला तिथल्या १४८ व्या कोर्समधून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, त्यांचा फोटो तिच्या मोबाइलवर आहे. निम्मी पोरं अग्निवीरवाली. त्यांचा जीव घड्याळात अडकलेला: १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत, की ६० मार्क खिशात.
"सर, एसएसबीला धावायचे किती?" तिनं विचारलं.
"शून्य."
तिला पटलं नाही. लेखी ९००चं, एसएसबीची मुलाखतही ९००ची. तिथं पाच दिवस डोकं बघतात. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. तरी ती रोज दोन फेऱ्या जास्त मारते.

मग ड्रिल. सावधान म्हणजे टाचा जुळलेल्या, मुठी बंद, अंगठा पँटच्या शिवणीवर. नव्या पोराचा अंगठा तिथं मिनिटभर टिकत नाही. घाम पुसायला जातो, केस सारायला जातो. खडकवासल्याला ड्रिल उस्ताद होतो, तेव्हा या एका अंगठ्यापायी कितीतरी कॅडेटना पळवलंय. मी हवालदार, ते उद्याचे साहेब. तीन वर्षं तिथं, एक वर्ष डेहराडूनला, की खांद्यावर दोन स्टार. म्हणजे आज ज्याच्यावर घसा फोडायचा, त्याला चार वर्षांनी आपणच सॅल्यूट ठोकायचा. सुरुवातीला हे जड गेलं, खोटं कशाला बोलू? पुढे त्याच सॅल्यूटची वाट बघायला लागलो.

८.३०
तळवडे चौकातलं ट्रॅफिक पार करून चाकण. कंपनीच्या गेटवर सुपरवायझर आहे. ट्रकच्या नोंदी, गेटपास, हेल्मेट न घालणाऱ्यांशी हुज्जत. लिहिण्यासारखं काही नाही.

१.००
डबा. एका गार्डचा मुलगा भरतीची तयारी करतोय. "शिपायाचा साहेब होतो का हो?" म्हणाला. त्याला आमच्या बॉम्बे सॅपर्सच्या राम राघोबा राण्यांचं सांगितलं. १९४० साली साधे शिपाई म्हणून लागले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली, तेव्हा सेकंड लेफ्टनंट होते. त्यासाठी परमवीर चक्र मिळालं. त्यांचा अंगठा शिवणीवर कुणी आणला असेल, हा विचार बहुधा मी एकटाच करतो.

२.१०
मेसेज: "उस्ताद, सीएमईला कोर्ससाठी आलोय. संध्याकाळी ग्राउंडवर येऊ का?"
भोसरीतल्या एका टर्नरचा मुलगा. नववीत असताना टेकडीवर यायचा, चप्पल घालून. दहावीनंतर तेव्हाच्या औरंगाबादच्या एसपीआयमध्ये लागला. मराठी पोरं एनडीएत जावीत म्हणून राज्य सरकारनं १९७७ साली काढलेली संस्था ती. आता सॅपर आहे, कॅप्टन. आणि 'येऊ का' विचारतोय! उत्तर टाइप करायला मला पाच मिनिटं लागली. शेवटी नुसतं 'या' पाठवलं. 'ये' लिहून खोडलं होतं.

६.४५
दापोडीच्या सीएमईतून, लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आला, जीन्स-टीशर्टवर. मी हात उचलायच्या आत वाकून पाया पडला. सॅल्यूट राहिलाच. "साहेब, पोरं बघतायत," म्हटलं.
"बघू देत, उस्ताद."
पोरांना म्हटलं, विचारा काय ते. मी बाजूला उभा राहिलो. तो बोलत होता लडाखबद्दल, पुलांबद्दल. माझं लक्ष खाली. मुठी बंद, दोन्ही अंगठे जीन्सच्या शिवणीवर. त्याला पत्ताही नव्हता.

शेवटी त्या मुलीनं हात वर केला. "सर, एसएसबीला धावायचे किती मार्क असतात?"
कॅप्टननं माझ्याकडे बघितलं. "उस्तादांनी सांगितलं नाही?"
"सांगितलं. पण म्हटलं, तुम्हालाही विचारावं."