घड्याळातला मेसेज पुसला, म्हणजे नेमकं काय पुसलं?

मनगट थरथरतं, पडद्यावर बँकेचा मेसेज उमटतो, आपण तो बोटाने बाजूला सारतो आणि विषय संपला असं समजतो. स्मार्टवॉच वापरणारे बरेच जण याला ‘मेसेज डिलीट केला’ म्हणतात. याच्या उलट काही जण घड्याळाला बोट लावायलाच बिचकतात. चुकून काही पुसलं गेलं तर फोनमधलंही जाईल, ही त्यांची धास्ती. हे दोन्ही पक्ष कधी बरोबर ठरतात, कधी साफ चुकतात. कारण घड्याळ कुठल्या कंपनीचं आहे यापेक्षा तुम्ही पुसलंत ते नोटिफिकेशन होतं की मेसेज, यावर सगळं अवलंबून आहे. हा फरक कुणी समजावून सांगत नाही. दुकानदार तर नाहीच नाही, त्याला पट्ट्याचा रंग दाखवायची घाई असते.

“घड्याळावरून सारला की मेसेज गेला”

गेला नाही. फक्त नजरेआड झाला.

एसएमएस येतो तो फोनमधल्या सिमकार्डाच्या नंबरवर. फोनमधलं मेसेजचं ॲप तो साठवून ठेवतो आणि ‘मेसेज आलाय’ अशी हाळी देतो. ही हाळी म्हणजे नोटिफिकेशन. आपल्याकडे दीड-दोन हजारांत मिळणारी नॉइज, बोट, फायर-बोल्ट वगैरे घड्याळं सहसा एवढी हाळीच ऐकतात. घड्याळ जोडताना त्याचं ॲप अँड्रॉइड फोनवर ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ मागतं आणि आपण न वाचता ‘अलाऊ’ दाबतो, ते याचसाठी. त्या परवानगीच्या जोरावर ॲप नोटिफिकेशनमधला मजकूर उचलतं आणि ब्लूटूथवरून मनगटाकडे धाडतं. आयफोनमध्ये हेच काम ॲपलने 2013 साली आयओएस 7 मध्ये दिलेली एक सोय करते. थोडक्यात, घड्याळात असते ती नक्कल. बहुतेक स्वस्त घड्याळं अशा शेवटच्या काही नकलाच जपतात. नवी आली की सर्वांत जुनी आपोआप बाहेर पडते. त्यामुळे ‘घड्याळातले मेसेज भरलेत, साफ करायला हवेत’ ही काळजी तिथे मुळातच फोल आहे.

समजा, महावितरणच्या बिलाचा मेसेज आला. घड्याळाच्या यादीत तुम्ही त्याच्यावरची कचरापेटी दाबली. घड्याळातली नक्कल गेली, फोनच्या इनबॉक्समध्ये मेसेज जसाच्या तसा, बहुधा ‘न वाचलेला’ म्हणून ठळक अक्षरांत बसलेला असतो. बिलाची तारीख शोधायला तुम्ही तिथे जाल तेव्हा तो सापडेल.

ॲपल वॉच आणि वेअर ओएसवर चालणारी घड्याळं (गॅलक्सी वॉच, पिक्सेल वॉच वगैरे) इथे एक पाऊल पुढे जातात, आणि घोटाळाही तिथेच होतो. त्यांच्यावर नोटिफिकेशन सारलं की साधारणपणे फोनवरचं नोटिफिकेशनही उडतं. माणूस फोन उघडतो, वरची पट्टी रिकामी दिसते आणि त्याला वाटतं, मेसेज फोनमधूनही गेला. उडालेली असते ती हाळी, निरोप इनबॉक्समध्येच असतो. मेसेजचं ॲप उघडून खाली सरकत गेलं की दिसतो.

एकेक सारत बसण्याचीही गरज नाही. ॲपल वॉचवर घड्याळाच्या चकतीवरून बोट वरून खाली ओढा, यादीच्या अगदी वरच्या टोकाला ‘क्लिअर ऑल’ आहे. वेअर ओएसवर तेच बटण यादीच्या तळाशी असतं. वर शोधून दमलेल्यांनी खाली बघावं, खाली शोधून दमलेल्यांनी वर.

“म्हणजे घड्याळात काहीही पुसा, फोनला धक्का लागत नाही”

पहिल्या गैरसमजापेक्षा हा महागात पडतो, कारण वरचं सगळं वाचून हाच निष्कर्ष निघतो.

ॲपल वॉचमध्ये नोटिफिकेशनची यादी वेगळी आणि ‘मेसेजेस’ हे ॲप वेगळं. त्या ॲपमध्ये शिरून एखाद्या नावावर बोट डावीकडे ओढलंत की लाल कचरापेटी दिसते. ती दाबली की त्या माणसाशी झालेलं अख्खं संभाषण पुसलं जातं, एखादं नोटिफिकेशन नव्हे. त्यातच मेसेज आयक्लाउडमध्ये ठेवण्याची सोय चालू असेल तर एका उपकरणावर पुसलेलं, त्या सोयीत सामील असलेल्या बाकीच्या उपकरणांवरूनही जातं. ती सोय आपण कधी चालू केली हे बहुतेकांना आठवत नाही. नवा फोन सुरू करताना ‘पुढे, पुढे’ करत गेलो, त्यात कुठेतरी झालेली असते.

असं झालंच तर हातपाय गाळू नका. 2022 मध्ये आलेल्या आयओएस 16 पासून आयफोनच्या मेसेजेसमध्ये ‘रिसेंटली डिलीटेड’ असा कप्पा आहे. पुसलेला मेसेज तिथे 30 दिवस राहतो, कायमचा जायला कधी 40 दिवसांपर्यंत लागतात. तिथून तो परत आणता येतो. मात्र हा कप्पा फोनमध्ये शोधायचा, घड्याळात नव्हे.

व्हॉट्सॲपलाही हेच तत्त्व लावा. त्याचं स्वतंत्र ॲप वेअर ओएसवर 2023 मध्ये आलं आणि ॲपल वॉचवर 2025 मध्ये. जोवर व्हॉट्सॲप घड्याळात फक्त नोटिफिकेशन म्हणून येत होतं तोवर काहीही सारलं तरी चालत होतं. आता ॲपच आत आहे, म्हणजे आपण नकलेवर नाही, खुद्द चॅटवर बोट ठेवलेलं असू शकतं. नोटिफिकेशनच्या यादीत असाल तर बिनधास्त सारा. ॲप उघडून आत शिरला असाल तर ‘डिलीट’ दाबण्याआधी हे फोनवरूनही जाईल असं धरून चाला. एखाद्या घड्याळात नाही गेलं तर तोटा काहीच नाही.

“पाठवणाऱ्याने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं, आता कुणालाच दिसणार नाही”

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मेंटेनन्सवरून सेक्रेटरींना चार शब्द सुनावतो, मग भानावर येऊन मेसेज मागे घेतो. ग्रुपमध्ये उरते ती ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशा अर्थाची करडी ओळ. पण दरम्यान सेक्रेटरींच्या मनगटावर ते चार शब्द पोचलेले असतात, आणि घड्याळ साधं असेल तर बहुधा तिथेच राहतात. मागे घेण्याचा निरोप व्हॉट्सॲपकडून व्हॉट्सॲपकडे जातो. ब्लूटूथवरून आधीच उतरवून घेतलेल्या नकलेला त्याचा पत्ता नसतो. व्हॉट्सॲपने ही सोय 2017 मध्ये दिली तेव्हा मेसेज मागे घ्यायला जेमतेम 7 मिनिटं मिळत. 2022 पासून ही मुदत दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. मुदत वाढली, पण समोरच्याचं मनगट थरथरायला लागतात दोन-तीन सेकंदच.

खुद्द फोनमध्येही एक चोरकप्पा आहे. अँड्रॉइड 11 पासून सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ मिळते. ती चालू केलेली असेल तर गेल्या 24 तासांतली सारून टाकलेली नोटिफिकेशन्स मजकुरासकट वाचता येतात. घाईत काहीतरी सारून बसलेल्यांना तिचा उपयोग होतो. ज्यांना वाटतं की सारलं म्हणजे पुरावा गेला, त्यांनीही ती एकदा उघडून बघावी.

“मेसेज डिलीट केले की घड्याळ हलकं होतं, बॅटरी टिकते”

इथे हिशेबच करू. 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने पहिला एसएमएस पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. तेव्हापासून आजतागायत एका एसएमएसचं माप तेवढंच आहे : 140 बाइट. त्यात इंग्रजीची 160 अक्षरं मावतात. देवनागरीची मात्र 70, आणि त्यातही काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘मुंबई’ लिहिलंत की पाच गेले.

आता फोटो घ्या. 3 एमबीचा एक साधा फोटो जेवढी जागा खातो तेवढ्यात 20 हजारांहून जास्त एसएमएसचा मजकूर बसेल. तेव्हा आठवडाभर बसून मेसेज पुसलेत तरी घड्याळाला त्याची खबर लागणार नाही. त्यात साठवलेली गाणी, फोटो आणि न वापरलेली ॲप्स काढा. बॅटरीचा तर मेसेज साठवण्याशी संबंधच नाही. ती खातात सतत उजळलेला पडदा, दिवसभर चालणारं हृदयाच्या ठोक्यांचं मोजमाप आणि प्रत्येक नोटिफिकेशनला होणारी थरथर. म्हणजे आलेले मेसेज पुसून बॅटरी वाचत नाही, न येऊ दिलेले वाचवतात. घड्याळाच्या ॲपमध्ये जाऊन सेलच्या जाहिराती पाठवणाऱ्या ॲप्सची नोटिफिकेशन्स बंद करा. खरी साफसफाई ती.

“मेसेज घड्याळावर आला नाही, म्हणजे घड्याळ बिघडलं”

ॲपल वॉचवाल्यांनी दुकान गाठण्याआधी आठवावं : आयफोन हातात असेल आणि पडदा चालू असेल तर नोटिफिकेशन फोनवरच येतं. फोन झोपलेला असेल आणि घड्याळ मनगटावर, लॉक न झालेलं असेल, तेव्हा ते घड्याळाकडे जातं. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. बाकीच्या घड्याळांत आधी ब्लूटूथ बघावं, मग फोनने बॅटरी वाचवण्याच्या नादात घड्याळाचं ॲप झोपवलं आहे का ते.

मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसतात किंवा ‘स्पष्ट’मधली जोडाक्षरं सुटी पडतात, हाही मेसेज खराब आल्याचा प्रकार नव्हे. घड्याळात देवनागरीचा टंक नाही, किंवा आहे पण अक्षरं जोडण्याची व्यवस्था नाही. फोनवर तोच मेसेज शुद्ध दिसतो. घड्याळाचं अपडेट आलं असेल तर करून बघा. तरी सुधारलं नाही तर पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानातच कुणालातरी मराठीत मेसेज करायला सांगा. पट्ट्याच्या रंगाआधी हे तपासावं असं माझं स्पष्ट मत आहे.

“ओटीपी मनगटावरच, मला सोडून कोण बघणार?”

लोकलमध्ये दांडीला धरून उभं राहिलेल्या माणसाचं मनगट शेजारच्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येतं. फोन खिशात लॉक असतो, आणि त्यातला सहा आकडी ओटीपी बाहेर झळकत असतो. फोनच्या लॉकस्क्रीनवर मजकूर लपवला म्हणजे घड्याळावरही लपतो, हा समज धोक्याचा आहे. घड्याळासाठी वेगळी तजवीज करावी लागते. ॲपल वॉचसाठी फोनमधल्या वॉच ॲपमध्ये ‘नोटिफिकेशन प्रायव्हसी’ आहे. ती चालू केली की आधी फक्त ॲपचं नाव दिसतं, टॅप केल्यावर मजकूर. पासकोड आणि ‘रिस्ट डिटेक्शन’ चालू असेल तर घड्याळ मनगटावरून उतरवताच लॉक होतं. साध्या घड्याळांत असली सोय सहसा नसते. तिथे एसएमएसची नोटिफिकेशन्सच बंद करावीत हे बरं. ओटीपी वाचायला फोन काढावा लागेल, लागू दे.

अँड्रॉइड 15 मध्ये गूगलने नोटिफिकेशन वाचणाऱ्या परक्या ॲप्सपासून ओटीपी लपवायला सुरुवात केली. घड्याळांच्या ॲप्सना त्यातून सूट आहे, तरीही कुणाच्या घड्याळावर ओटीपीऐवजी ‘मजकूर लपवला आहे’ असं काही दिसलं तर तो बिघाड नव्हे, हे ध्यानात असू द्यावं.

साठलेल्या ओटीपींचा ढीग उपसायचा असेल तर तो फोनमध्ये उपसा. गूगल मेसेजेसमध्ये ओटीपी 24 तासांनी आपोआप डिलीट करण्याची सोय आहे, 2021 मध्ये ती भारतात आणली गेली. आयफोनवर मेसेज 30 दिवस, एक वर्ष की कायम ठेवायचे हे ठरवता येतं. मात्र 30 दिवस निवडण्याआधी लक्षात घ्या, जुने सगळे एका फटक्यात जातात. त्यात आईचे मेसेजही आले.

आणि पुसल्याने मागमूस उरत नाही, असंही नाही. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला कधी एसएमएस गेला, याची नोंद मोबाइल कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावी लागते. दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींत डिसेंबर 2021 मध्ये तसा बदल केला. त्या नोंदीत मजकूर नसतो. मजकूर असतो पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये, तिथे आपलं बोट पोचत नाही.

“फोनमधून ॲप काढलं, आता घड्याळ कुणालाही द्यायला मोकळं”

ॲप काढल्याने घड्याळ पुसलं जात नाही. भाच्याला वाढदिवसाला जुनं घड्याळ द्यायचं असेल तर तुमच्या शेवटच्या मेसेजच्या नकलाही त्याच्याबरोबर जातील. ब्लूटूथच्या यादीतून नाव काढलं तरी तेच. ॲपल वॉच असेल तर आयफोनमधल्या वॉच ॲपमधून ‘अनपेअर’ करा. त्याने घड्याळ पुसलं जातं आणि ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ही निघतं. थेट घड्याळातून ‘इरेज ऑल’ केलंत तर मजकूर जातो पण लॉक राहतं, आणि भाचा तुमचा पासवर्ड मागत फोन करतो. वेअर ओएसवर सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’ किंवा ‘जनरल’खाली ‘रिसेट’ आहे. साध्या घड्याळांतही सेटिंग्जच्या तळाशी रिसेट असतं. मग घड्याळ पुन्हा चालू करा. पहिल्याच पडद्यावर भाषा विचारली किंवा फोनशी जोडायचा क्यूआर कोड दिसला, तर घड्याळ खोक्यात भरायला हरकत नाही.