निजामाच्या नावाचं विमान

लेखमाला : जुनी विमानं, नवे हात – लेखांक ६

‘परशुराम’ या डकोटावरचा मागचा लेख वाचून हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या एका आजोबांचा फोन आला. मुलीकडे लंडनला गेले असताना हेंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात त्यांनी एक जुनं दुपंखी विमान पाहिलं होतं. “अहो, त्याच्या अंगावर चक्क आपल्या निजामाचं नाव! विमान खरं आहे, की नुसतं रंगवून उभं केलंय?” आणि मग हसत म्हणाले, “आमचे आजोबा परभणीकडे शेतसारा भरायचे. त्यातली एखादी फळी आमच्या पैशाची निघायची.”

हे दुसरं वाक्य थट्टेवारी नेण्यासारखं नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना जी मदत केली, तिच्यात विमानांच्या एका अख्ख्या तुकडीचा खर्च होता. ती ११० क्रमांकाची स्क्वाड्रन ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ म्हणूनच ओळखली गेली. पैसा सरकारी खजिन्यातून निघो की सर्फेखासातून, म्हणजे निजामाच्या खासगी जमिनींतून, तो शेवटी जमिनीतूनच आलेला. आणि निजामाच्या जमिनीत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते. विमान कशाला म्हणतात ते तिथल्या शेतकऱ्याने पाहिलंही नसेल. त्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढं नक्की.

हेंडनचं विमान डीएच-९ए जातीचं, क्रमांक एफ१०१०. इंग्लंडात येओव्हिलच्या वेस्टलँड कारखान्यात १९१८ साली बांधलेलं. अंगावर निजामांकडून भेट मिळाल्याचा मजकूर आणि खाली ‘हैदराबाद क्रमांक १२ए’. आधीच्या डीएच-९चं इंजिन दुबळं म्हणून बदनाम झालं होतं, तेव्हा त्याच्या जागी अमेरिकेचं चारशे अश्वशक्तीचं लिबर्टी इंजिन बसवून ही सुधारित जात तयार झाली. ती घेऊन आघाडीवर जाणारी पहिली तुकडी हैदराबादचीच. सप्टेंबर १९१८मध्ये ती फ्रान्समधून जर्मनीत खोलवर, भरदिवसा, सोबतीला लढाऊ विमानं न घेता बॉम्ब टाकायला जाऊ लागली. याचे परिणाम सांगायला नकोत. ५ ऑक्टोबर १९१८च्या छाप्यात एफ१०१० शत्रूच्या मुलखात उतरलं. वैमानिक इंग्लिस आणि निरीक्षक बॉडली युद्धकैदी झाले, विमान जर्मनांच्या हाती सापडलं. पाचच आठवड्यांनी युद्ध संपलं.

एरवी अशा विमानाचं सरपण झालं असतं. जर्मनांनी ते लुटीचा माल म्हणून ठेवलं आणि पुढे बर्लिनमध्ये १९३६ साली उघडलेल्या विमान संग्रहालयात मांडलं. नोव्हेंबर १९४३मध्ये ब्रिटिश बॉम्बफेकीत ते संग्रहालय उद्ध्वस्त झालं. ब्रिटिश विमान जर्मन छपराखाली, आणि वरून ब्रिटिश बॉम्ब! वाचलेली विमानं पूर्वेकडे हलवली होती. युद्धानंतर सीमा सरकल्या आणि तो मुलूख पोलंडचा झाला. त्यामुळे बर्लिनचा हा ठेवा क्राकोच्या जुन्या धावपट्टीवरच्या संग्रहालयात जमा झाला. तो नेमका कुणाचा, यावर जर्मन आणि पोलिश मंडळींची कुरबुर त्यानंतरही चालू राहिली.

या हलवाहलवीत बहुतेक विमानांचे पंख गेले. दुपंखी विमान हलवायचं तर पंख काढून वेगळे ठेवावे लागतात, आणि वेगळं ठेवलेलं हरवतं. एफ१०१०चं धड उरलं. १९७७ साली ब्रिटिशांनी पोलंडला एक स्पिटफायर देऊन ते धड बदल्यात घेतलं. ती स्पिटफायर आजही क्राकोला आहे. मला हा सौदा दोन्ही बाजूंनी शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात पोलिश वैमानिक ब्रिटनच्या बाजूने स्पिटफायरवर लढले होते. त्यांच्या देशाला त्या विमानाचं मोल निराळं.

मग इंग्लंडात कार्डिंग्टनच्या कार्यशाळेत खरं काम सुरू झालं. पंख नव्याने घडवायचे होते. या काळातलं विमान म्हणजे मुख्यतः सुतारकाम आणि शिवणकाम. स्प्रूस आणि ॲश लाकडाचा सांगाडा, तो ताठ ठेवायला आत आडव्यातिडव्या तारा, आणि वर लिननचं कापड. पंखाच्या आतल्या प्रत्येक बरगडीला हे कापड मेणलावल्या दोऱ्याने शिवतात. ठरावीक अंतरावर एक गाठ. एक टाका तुटला तरी पुढचे सुटू नयेत म्हणून. टाक्यांवरून कापडाच्या कातरलेल्या कडांची पट्टी डकवतात. इथपर्यंत कापड ढिलंच असतं. त्यावर ‘डोप’ नावाचं द्रावण ब्रशने चढवतात. ते वाळताना आकसतं आणि कापड असं ताणलं जातं की टिचकी मारली तर तबल्याच्या पुडीसारखा बोल उमटतो. डोपचे हात एकावर एक चढवायचे, प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा. घाई केली, किंवा हवेत दमटपणा असला, तर पांढरे डाग उमटतात. पावसाळ्यात फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला विचारा, तोही हेच सांगेल. आणि दोन्ही बाजू सारख्या ताणल्या गेल्या नाहीत तर आतला लाकडी सांगाडाच पिळवटतो.

आता आजोबांचा पहिला प्रश्न. रंग आणि कापड ही अशा विमानाच्या अंगावरची सगळ्यांत अल्पायुषी वस्तू. विमान रोज उडत असे तेव्हासुद्धा ऊन खाऊन कापड कुजायचं आणि काही वर्षांनी बदलावं लागायचं. जुन्या विमानावरची अक्षरं पुन्हा लिहिलेली दिसली म्हणून ते खोटं ठरत नाही. एफ१०१०चे पंख नवे आहेत, हे संग्रहालय लपवत नाही. धड मात्र १९१८चं. तेव्हा आजोबांची ती फळी, निघालीच तर, निजामाच्या नावापेक्षा जास्त अस्सल निघेल.

याच घराण्यातल्या आणखी दोन विमानांचं नशीब वेगळं निघालं. युद्ध संपल्यावर ब्रिटनकडे विमानांचे ढीग शिल्लक होते; त्यांतली काही हिंदुस्थानात धाडली गेली आणि काही डीएच-९ बिकानेर संस्थानाकडे पोचली. तिथे ती विसरली गेली. गेल्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश संग्राहक गाय ब्लॅक यांना ती बिकानेरच्या वाड्यातल्या, वापरात नसलेल्या हत्तीखान्यात सापडली. राजस्थानच्या कोरड्या हवेने धातू राखला होता. लाकूड वाळवीने खाल्लं होतं. ब्लॅक यांच्या कारागिरांनी धातूचे सांधे, बिजागऱ्या, टाक्या वाचवल्या आणि पोखरलेल्या लाकडावरून मापं घेऊन नवं लाकूड घडवलं. एक विमान डक्सफर्डच्या संग्रहालयात उभं राहिलं. दुसरं, ई८८९४, मे २०१९मध्ये उडालं.

उडणाऱ्या विमानाचे नियम कडक असतात. शंभर वर्षांचं लाकूड कुणी प्रमाणित करत नाही, भेगाळलेला सरसही चालत नाही. उडायचं तर बदलायचंच. म्हणून ई८८९४ हवेत असताना आपल्याला दिसते ती डीएच-९ची चाल, तिचा आवाज, तिचा कष्टाने घेतलेला वळसा. लाकूड आजचं. हरकत नाही, नाहीतरी मूळ लाकूड वाळवीच्या पोटात गेलं होतं. पण एफ१०१० उडवायचं म्हणून कुणी त्याचं धड बदलायला निघालं, तर मी त्याच्या हातून रंधा काढून घेईन. जे बदललं त्यावर साल आणि खूण घालावी, जे काढलं ते फेकू नये, नोंदवहीत लिहून जपावं. चांगल्या कार्यशाळा हेच करतात.

भारताकडे या घराण्यातलं काहीच नाही असं समजू नका. डीएच-९एचे सुटे भाग ब्रिटिशांकडे भरपूर पडून होते. ते वापरता यावेत अशा बेताने वेस्टलँडने पुढे वापिटी हे विमान आखलं. १ एप्रिल १९३३ला कराचीत भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, ती चार वापिटींवर. जगात उरलेली एकमेव वापिटी दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. लंडनचं तिकीट न काढता बघता येते.

आपल्याकडे खरी आबाळ होते ती उघड्यावरच्या विमानांची. शाळा-महाविद्यालयांच्या आवारात, चौकात, चौथऱ्यावर नाक वर करून बसवलेली जेट विमानं तुम्ही पाहिली असतील. विमानाच्या पोटाला पाणी निघून जायला भोकं असतात, पण ती विमान सपाट उभं राहील या हिशेबाने पाडलेली. नाक वर केलं की पाणी शेपटाकडे साचतं आणि अॅल्युमिनियमचे पापुद्रे सुटू लागतात. कुणी पाहुणे येणार असले की त्यावर इनॅमल रंगाचा जाड थर बसतो. भोकं बुजतात, ओल आत कोंडते, जुने क्रमांक कायमचे गाडले जातात. बाहेरून विमान झकास दिसतं. गोव्यात बोगमाळ्याला नौदलाच्या संग्रहालयात एअर इंडियाकडून हवाई दलामार्गे नौदलात आलेलं सुपर कॉन्स्टेलेशन आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात धातूचं एवढं मोठं विमान राखायचं म्हणजे बारमाही काम. नवी भोकं पाडणं, सांधे तपासणं, चाकांवरचा भार काढून विमान टेकूंवर उचलून ठेवणं, पक्ष्यांची घरटी वेळेवर काढणं: यांतलं काहीच महागडं नाही. छप्पर तेवढं महाग.

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या लोहगावला जाऊ. ब्रिटिशांनी जाताना निकामी करून कानपूरला टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी पुन्हा उडती कशी केली, ती १९६८पर्यंत आपल्या हवाई दलात कशी राहिली आणि मग परदेशी संग्रहालयांनी आपल्याकडे रांग का लावली, ते पाहू.