जुन्या गृहसंगणकाचा देश कसा ओळखावा

गेल्या दिवाळीपूर्वीं घराची साफसफाई चालली असतां माळ्यावरून एक जुनी पेटी खालीं आली. आमच्या दिवंगत मेहुण्यांनीं १९८६ सालीं अमेरिकेहून परततांना आणलेला कमोडोर ६४ नांवाचा गृहसंगणक तींत होता. त्यासोबत कॅसेट वाजविण्याचें यंत्र आणि त्यांनीं स्वतः रचलेल्या प्रोग्रामांच्या दोन कॅसेटीही होत्या. मुलांनीं आग्रह धरला. आम्हीं अडॅप्टर लावून पिन खुशाल भिंतींतील सॉकेटमध्यें बसविली. क्षणार्धांत जळका वास सुटला. नातवानें चपळाईनें बटण बंद केलें म्हणून संगणक वांचला. वीजपुरवठ्याचा ट्रान्स्फॉर्मर मात्र गेला. चूक सर्वस्वीं आमची. त्याच्या तळाची पट्टी वाचली असती, तर तो १२० व्होल्टचा आहे हें तेव्हांच कळतें.

अशी बेफिकिरी अंगीं येण्यास कारण होतें. १९८४-८५ सालीं सरकारच्या ‘क्लास’ योजनेंतून शाळांत जे बी.बी.सी. मायक्रो संगणक आले, ते ब्रिटिश. ब्रिटनची वीज ५० आवर्तनांची आणि रंगचित्राची पद्धति पाल, आपल्याकडेही तसेंच. अमेरिकेंत मात्र वीज ६० आवर्तनांची आणि पद्धति एन्.टी.एस्.सी.

वाचकहो, कमोडोरचें बाह्य कवच दोन्हींकडे जवळजवळ एकच. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांतील पाठभेद जसा पानें उलगडल्यावांचून दिसत नाहीं, तसाच येथील प्रकार. चित्र काढणाऱ्या ‘व्हिक्’ चिपवर अमेरिकन यंत्रांत ६५६७ हा क्रमांक असतो, युरोपीय यंत्रांत ६५६९. पहिली चिप बहुधा २६३ ओळींचें चित्र काढते, दुसरी ३१२ ओळींचें. दोहोंना लागणारा स्फटिकही निराळा, एकीस १४.३१८ मेगाहर्ट्झचा, दुसरीस १७.७३४ चा. म्हणून नुसती चिप बदलून देशांतर घडत नाहीं.

यंत्र न उघडतांही एक युक्ति आहे. बेसिक भाषेंतील ‘पीक’ आज्ञेनें ६७८ व्या स्मृतिस्थानांतील अंक विचारावा. शून्य आल्यास एन्.टी.एस्.सी., एक आल्यास पाल. पण एक आला म्हणजे यंत्र युरोपीयच, असें मात्र समजूं नये. अर्जेंटिनांत ड्रीन कंपनीनें काढलेल्या कमोडोरला वीज २२० व्होल्टची, ५० आवर्तनांची. ओळीही ३१२ च. तरी तेथील रंगपद्धति पाल-एन् ही निराळी आणि चिप ६५७२ क्रमांकाची. असा सोंगाड्या नुसत्या या युक्तीनें सांपडत नाहीं! जपानी यंत्र त्या मानानें सरळ. त्याच्या कळांवर काताकाना अक्षरेंच असतात.

चित्राच्या गतीवर बेतलेले अमेरिकन खेळ पाल यंत्रावर एकषष्ठांशानें मंदावतात. त्यांतील संगीत द्रुत लयींतून मध्य लयींत उतरल्यासारखें वाटतें.

आमच्या यंत्रांत ६५६७ निघाली. दुसरा अमेरिकन वीजपुरवठा आणि २३० चे १२० व्होल्ट करणारा ट्रान्स्फॉर्मर मिळविला. परंतु ट्रान्स्फॉर्मर दाब उतरवितो, आवर्तनें नव्हे. म्हणून विजेच्या आवर्तनांवर वेळ मोजणारें या यंत्रांतील घड्याळ आमच्याकडे तासास दहा मिनिटें मागें पडतें. त्याची आम्हांस अडचण नाहीं. एन्.टी.एस्.सी. दाखविणारा टीव्ही घरांत होताच. पहिल्या कॅसेटींत मेहुण्यांचा पाढे घोकून घेणारा प्रोग्राम निघाला. त्यानें आमच्या सौभाग्यवतींस, म्हणजे त्यांच्या भगिनीस, एकोणतिसाचा पाढा विचारला, आणि ती न चुकतां शेवटपर्यंत म्हणाली.