नऊ गुंठ्यांचा एक पिक्सेल

२१ नोव्हेंबर २००० रोजी नासाचा ‘ईओ-१’ उपग्रह ‘हायपेरियन’ घेऊन अवकाशात गेला. दोनशेहून अधिक बँडांत, म्हणजे प्रकाशाच्या अरुंद पट्ट्यांत, जमीन टिपणाऱ्या या उपकरणाचा एक पिक्सेल ३० मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा होता. धारवाडच्या काळ्या रानात तेवढ्या जागेत कापूस, मिरची आणि मधला बांध सहज मावतो; चित्रात मात्र सगळ्यांचा मिळून एकच वर्णपट उमटतो.

याला कारण प्रकाशाची वाटणी. तो शेकडो अरुंद पट्ट्यांत विभागला की प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच येतो, म्हणून पिक्सेल मोठा ठेवावा लागतो. २००८ मध्ये इस्रोच्या ‘आयएमएस-१’वरील ६४ बँडांच्या ‘हायसी’ या उपकरणाचा पिक्सेल तर साठ एकरांहून मोठा होता. २०१८ च्या ‘हायसिस’ उपग्रहाने बँड कितीतरी वाढवले, पण पिक्सेल पुन्हा ३० मीटरचाच.

ही उणीव गणिताने भरून काढण्याच्या प्रयत्नांत हुबळीचाही वाटा आहे. बीव्हीबी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (आजचे केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ) उमा मुदेनगुडी यांनी सुभाशिस बॅनर्जी आणि प्रेम कालरा यांच्यासह २०११ मध्ये, कमी रिझोल्यूशनच्या अनेक व्हिडिओंतून एक स्पष्ट व्हिडिओ उभारणारी ‘ग्राफ-कट’ पद्धत प्रसिद्ध केली. ते काम साध्या दृश्यांचे. अशा असंख्य बँडांच्या, म्हणजे हायपरस्पेक्ट्रल, चित्रात अट कडक असते: बांध स्पष्ट दिसावा, पण पिकाचा वर्णपट बदलता कामा नये.

त्यासाठी जगभर तीन वाटा रुळल्या: सेन्टिनेल-२ सारख्या उपग्रहाच्या १० मीटरच्या चित्राशी मेळ घालणे, एका पिक्सेलमधील घटकांचे प्रमाण वेगळे काढणे आणि अलीकडे डीप लर्निंग. इस्रो-नासाच्या २०१५-१६ च्या विमान मोहिमेत ‘अ‍ॅव्हिरिस-एनजी’ या हायपरस्पेक्ट्रल उपकरणाने भारतातील अनेक ठिकाणे काही मीटरच्या पिक्सेलने टिपली. अशी चित्रे मुद्दाम धूसर करून, पद्धतीने पुन्हा स्पष्ट करून, मूळ चित्राशी ताडून पाहता येतात.

‘हायपेरियन’पासूनचा हिशेब मांडताना एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते: चित्र देखणे झाले म्हणजे खरे झाले असे नाही. शिकवलेले मॉडेल तिथे नसलेला तपशीलही रेखाटू शकते; त्याचा निवाडा शेतात मोजलेला वर्णपटच करतो. चित्रांचे गणित जाणणारे हुबळीत आहेत आणि पिके जाणणारे कृषी विद्यापीठ वीस किलोमीटरवर धारवाडला. दोघांनी मिळून प्रत्येक हंगामात इथल्या पिकांचे वर्णपट मोजावेत आणि ते सर्वांसाठी खुले ठेवावेत.