कापसाचा खटला: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘जागतिक व्यापार संघटना म्हणजे बड्या देशांचा दरबार. तिथे विकसनशील देशाने दाद मागणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.’ हे वाक्य आपल्याकडे वारंवार ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की 2002 च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलने कापसाच्या अनुदानावरून अमेरिकेला तिथे खेचले आणि मार्च 2005 मध्ये अपिलातही हरवले. भारतही त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष होता.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे: असे खटले वकील जिंकतात, व्यापार धोरणावरचे संशोधन म्हणजे नुसते कागद. अमेरिका आपल्या शेतकऱ्यांना पैसा देते, हे उघड होते. पण त्या पैशामुळे जगातला भाव किती पडला, हे दाखवल्याशिवाय तक्रार टिकणार नव्हती. ते गणित ब्राझीलसाठी मांडले डॅनियल समनर यांनी. हे स्वतः अमेरिकी, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातले कृषी अर्थतज्ज्ञ. अनुदान नसते तर अमेरिकेत कापसाचा पेरा किती घटला असता, निर्यात किती उतरली असती, भाव कुठे गेला असता? 1999 ते 2002 या हंगामांचे त्यांचे उत्तर होते: भाव सरासरी 12.6 टक्क्यांनी चढा राहिला असता.

हा आकडा यवतमाळच्या जिनिंगमध्ये नेऊन पाहा. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण 34 किलो, उरते ती मुख्यतः सरकी. जगाच्या बाजारात भाव ठरतो रुईचा. समजा तो किलोला 100 रुपये आहे, तर 12.6 टक्के म्हणजे क्विंटलमागे सव्वाचारशे रुपयांहून जास्त. सगळे शेतकऱ्याच्या हातात पडले असते असे नाही. वाटेत व्यापारी आहे, आयात-निर्यातीची आपली धोरणे आहेत. पण भाव पडतो तेव्हा त्याची झळ पहिल्यांदा शेतकऱ्यालाच लागते.

‘खटला जिंकला की अनुदान बंद होते,’ असेही नाही. 2009 मध्ये ब्राझीलला प्रत्युत्तरादाखल निर्बंध लावायची परवानगी मिळाली. ते टाळण्यासाठी अमेरिकेने 2010 पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला 14.73 कोटी डॉलर द्यायचे कबूल केले आणि घरचे अनुदान चालूच ठेवले. 2014 मध्ये आणखी 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या देशांनी 2003 मध्ये हेच गाऱ्हाणे संघटनेपुढे मांडले होते. कापसावर त्यांच्या लाखो कुटुंबांची चूल पेटते. पण खटला लढवण्याएवढा पैसा आणि स्वतःचे तज्ज्ञ ब्राझीलकडे होते, यांच्याकडे नव्हते. बेनिन आणि चाड त्रयस्थ पक्ष म्हणूनच बसले. त्यांच्या शेतकऱ्यांच्या बुडालेल्या भावाची भरपाई कुठल्याच समझोत्यात नव्हती. मला या साऱ्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते.

अकोला आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांत शेती अर्थशास्त्राचे विभाग आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना परदेशी अनुदान आणि आपल्या बाजार समितीतला भाव यांचा हिशेब मांडायला घ्यावा. खटला उभा राहायच्या आधी हा हिशेब तयार असायला हवा.