जीवाश्म मुलांपर्यंत कसे आले

भारतात जीवाश्म सापडू लागले एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मुलांना ते पाहायला मिळाले फार उशिरा. जबलपूरला ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना १८२८ मध्ये मिळालेल्या मणक्यांवरून जीवाश्मशास्त्रज्ञ लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्या डायनोसॉरला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. शिवालिक टेकड्यांत फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी जमवलेल्या हाडांचा मोठा साठा लंडनला गेला. अभ्यास पुढे सरकत होता, पण तो अभ्यासकांपुरताच.

खरा बदल गोदावरीच्या खोऱ्यात झाला. १९५७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आल्या. (संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर, हेही नवलच!) पुढच्या काही वर्षांत या संस्थेच्या भूशास्त्रज्ञांना किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे मिळाली, मांडीचे एक हाड तर १.७ मीटर लांब. ज्या थरात ती होती, त्याला गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यातील कोटा गावाचे नाव आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून या डायनोसॉरला ‘बारापासॉरस टागोराय’ म्हणतात. त्याचा सांगाडा संस्थेच्या संग्रहालयात उभा राहिला. दात मिळाले, पण कवटी नाही. त्यामुळे सांगाड्याचे डोके अंदाजाने घडवावे लागते. मुलांना सांगावे असे सर्वांत मोलाचे हेच आहे: कोणते हाड सापडले, कोणते अनुमानाने जोडले आणि ते अनुमान कशाच्या आधारावर केले.

१९७४ मध्ये शिवालिक टेकड्यांतच, हिमाचल प्रदेशातील साकेती येथे जीवाश्म उद्यान सुरू झाले. लांबलचक सुळ्यांचा, हत्तीसारखा स्टेगोडॉन तिथे फायबरग्लासमध्ये पूर्णाकृती उभा आहे. अस्सल जीवाश्म शेजारच्या संग्रहालयात आहेत, पण मूल साहजिकच आधी पुतळ्याकडे धावते. पुतळा कुतूहल जागवतो. पुराव्याची ओळख मात्र हाडाजवळच होते.

‘जुरासिक पार्क’ हा चित्रपट १९९४ मध्ये हिंदीत आला आणि अमेरिकेतला टी-रेक्स मुलांच्या तोंडी बसला. नर्मदेच्या खोऱ्यातल्या राजासॉरस या डायनोसॉरचे नामकरण व्हायला मात्र २००३ उजाडले. त्याची हाडे गुजरातेतील रैयोलीला १९८० च्या दशकातच सापडली होती. तिथे डायनोसॉरची अंडीही मिळाली. २०१९ मध्ये रैयोलीला संग्रहालय उघडले. सिरोंचा तालुक्यातही वडधमला वनखात्याचे जीवाश्म उद्यान झाले असून तिथे दगड झालेली झाडांची खोडे पाहता येतात.